तिसऱ्या गाडीची जागा

"एवढ्या मोठ्या रोडावर एक बी गाडी काऊन नाई थांबली?"

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारून पाहिला. पोलिसांना विचारला, सेठला विचारला, दवाखान्यात विचारला, ढाब्यावर बाजेवर पडलेल्या अनोळखी माणसांना उठवून विचारला. उत्तर कोणी दिलं नाही. कोणी चहा पाजला, कोणी मान खाली घातली. आणि आमच्या ड्रायव्हर लोकांनी काय केलं? किस्से सांगितले! ड्रायव्हरला उत्तर सापडलं नाही की तो किस्सा सांगतो. त्यामुळे माझ्याकडे किस्से साचत गेले, सीटखाली जुने नट-बोल्ट साचतात तसे. फेकवत नाहीत, आणि कधी कोणता कामी येईल सांगता येत नाही.

म्हटलं, आज सीट उचलूनच टाकू.

*

आधी आमचा ताफा सांगतो. आम्ही आल्लापल्लीकडच्या जंगलातून बांबू भरून बल्लारपूरला आणतो. गाड्या पाच. रस्ता जंगलाचा, म्हणून पाचही सोबत निघतात आणि प्रत्येकाचा नंबर ठरलेला.

पहिली गाडी शंकरभाऊची. गोंड माणूस. वयानं सगळ्यात मोठा, बोलणं सगळ्यात कमी. दुसरी भास्करभाऊची. भास्करभाऊची गाडी रिकामी असली तरी भास्करभाऊ स्वतः ओव्हरलोड! तिसरी माझ्या दादाची, विलासदादाची. चौथी सिरोंच्याच्या मल्लेशची. हा चिडला की तेलुगूत चिडतो, त्यामुळे भांडण कधी वाढत नाही. पाचवी सलीमभाईची. तो जन्मापासून बल्लारपुरात, मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देणार.

मी दादाच्या गाडीवर क्लीनर. सातवीत शाळा सोडली ती थेट दादाच्या डाव्या बाजूला येऊन बसलो. गाडी आवारात लावताना खाली उतरून "आन दे, आन दे" करायचं, गाडीच्या अंगावर थाप मारायची. एक थाप म्हणजे चल. दोन थापा म्हणजे बस, थांब. दादा आरशात पाहायचाच नाही. म्हणायचा, "आरसा फुटू शकते. छोट्याची थाप नाई चुकत."

ताफ्याचे नियम दोनच. कोणी कोणाला ओव्हरटेक करायचं नाही. आणि एक थांबला की सगळे थांबले.

त्या दिवशी दादाला डेपोत लोड उशिरा मिळाला. तेवढ्या एका खेपेला बाकीच्या चार गाड्या आदल्या दिवशीच निघून गेल्या होत्या. आष्टी आणि आल्लापल्लीच्या मधात आमच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. मी एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून नवा पाटा आणायला गेलो. दादा रोडवर फांद्या टाकत होता. गाडी बिघडली की आम्ही तिच्या बऱ्याच मागे पानांच्या फांद्या टाकतो, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की पुढे कोणीतरी अडकलंय. फांद्या टाकता टाकताच कोणीतरी त्याला उडवलं आणि निघून गेलं.

मी परत आलो तेव्हा बाजाराला निघालेली एक बाई दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "गाड्या गंज गेल्या बापू, एकामागं एक. हळू करत, पायत, आन जात."

हा किस्सा नाही. हे मी एकदाच सांगतो. पुढचे सगळे किस्से आहेत.

*

दादाला ज्या दवाखान्यात नेलं तो लहानसा, लोकांच्या देणगीवर चालणारा. तिथल्या डॉक्टरबाई एक दिवस आमच्या ट्रकच्या आवारात आल्या. म्हणाल्या, "दवाखान्यामागे एक जुनी जीप पडलीय. ती नाक्यावर उभी ठेवू. फोन आला की निघायचं, पडलेल्या माणसाला उचलायचं. तुम्ही पाळीनं चालवाल?"

सगळे एकदम हो म्हणाले.

"पण तिला इंजिन नाही."

सगळे एकदम गप्प!

मग बाईंनी सांगितलं. चंद्रपूरला हाफ मॅरेथॉन असते. चांगल्या कामासाठी टीम करून धावायचं. आपण धावणार म्हणून लोक मदत देतात. आणि सबंध टीम तीन तासांच्या आत पोहोचली तर एक मोठी कंपनी इंजिन देणार होती.

"किती दूर धावाचं?" भास्करभाऊनं विचारलं.

"एकवीस किलोमीटर."

"बस? एवढं तं आपण न्यूट्रलवर उतरतो!"

"पायानं, भास्करभाऊ."

कोणी बिडी पेटवली, कोणी विझवली. शेवटी सलीमभाई अदबीनं म्हणाला, "मॅडम, हमारे पैर तो सिर्फ ब्रेक दबाने के वास्ते हैं."

तेव्हा शंकरभाऊ उठला. टायरवर ठेवलेला गमछा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "नाव लिवा."

*

नाव लिहायला चंद्रपूरला गेलो. काउंटरवर कॉम्प्युटर घेऊन एक मुलगी बसली होती. फार गोड बोलायची.

"सर, तुमचा टार्गेट टाइम काय?"

भास्करभाऊ म्हणाला, "खाली का लोड?"

"सॉरी?"

"खाऊन पळाचं का उपाशी? खाली गाडीचं टायमिंग अलग ऱ्हाते ना बाई!"

तिनं विषय बदलला. "टी-शर्टची साइज?"

सलीमभाई मागून म्हणाला, "इनके लिए ताडपत्री लिख दो."

तोवर मजा होती. मग तिनं विचारलं, "पुढचा मेंबर कोण?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाव सांगितलं. ती टाइप करत म्हणाली, "ओके, म्हणजे एक शंकर, दोन भास्कर, तीन तुम्ही…"

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर असा हात आपटला की तिची पाण्याची बाटली खाली. "मी तीन नाई! तीन नंबर माह्या दादाचा हाय. मले सहावा लिवा!"

"पण सर, तुम्ही तर पाचच जण आहात."

शंकरभाऊनं खाली वाकून बाटली उचलली, गमछ्यानं पुसली, तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "तुमच्यात पाच असन पोरी. आमच्यात सहा."

*

घरी आईला सांगायचं राहिलं होतं. दादा गेल्यापासून आई बोलणं टाकून बसली होती. चुलीपुढे बसायची, जाळ विझला तरी उठायची नाही.

मी म्हटलं, "आई, मी पळाले चाल्लो. चंद्रपूरले."

राख उकरत तिनं विचारलं, "पळून काय भेटते?"

"इंजिन."

"कायचं?"

"थांबणाऱ्या गाडीचं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. आणि म्हणाली, "मंग पळ. आन मधात बसला तं घरी नको येऊ!"

दुसऱ्या दिवसापासून मला उठवायला आईच!

*

सरावाचे किस्से तर विचारूच नका. निघायच्या आधी ड्रायव्हर टायरची हवा तपासतो, लोखंडी टॉमीनं ठोकून. शंकरभाऊ रोज सकाळी टॉमी घेऊन यायचा आणि सगळ्यांचे बूट ठोकून पाहायचा. आत पाय असायचे! भास्करभाऊ केकाटायचा, "हवा हाय ना बे, हवा हाय! पाहून मार!"

भास्करभाऊनं आणखी एक केलं. गाडीला नजर लागू नये म्हणून मागे जुना जोडा लटकवतात ना, तसा नातवाचा एक जुना बूट सुतळीनं स्वतःच्या कमरेला मागे बांधला. दोन पायात, एक मागे! तीन बुटांवर धावणारा माणूस, आणि तरी पुढे काही सरकायचा नाही.

आता पंचाईत ही, की ताफ्यात ओव्हरटेक नाही. भास्करभाऊ दुसरा. म्हणजे सबंध टीमचा स्पीड भास्करभाऊएवढा! शंकरभाऊ पुढे जाऊन जाऊन थांबायचा. भास्करभाऊच्या मागे एका गाडीएवढी जागा रिकामी, त्याच्या मागे मल्लेश, सलीमभाई, आणि सगळ्यात मागे मी. मल्लेशचा जीव खाली-वर व्हायचा. तेलुगूत 'पद' म्हणजे 'चल'. तो मागून ओरडत राहायचा, "अन्ना, पद! पद, अन्ना, पद!"

शेवटी भास्करभाऊ कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. "इथी माह्यात दम नाई, आन याले पद ऐकाचं हाय! तूच गा ना बे!"

*

त्या रिकाम्या जागेवरून एकदा वाजलंही. भास्करभाऊ मला म्हणाला, "छोट्या, तू मधात ये ना. रिकामी जागा पाहून मले कसंतरी होते."

मी म्हटलं, "तुले कसंतरी होते म्हून मी दादाच्या जागेवर जाऊ?"

"अबे, तसं नाई म्हटलं…"

"मंग कसं म्हटलं?" आणि मी त्याची कॉलर धरली. माझ्या दुप्पट माणसाची! मला काही सुचत नव्हतं. त्यानं माझा हात काढला नाही. तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "मार, मारायचं असन तं. पण लवकर मार. दम उतरला का पळता नाई येत."

मला हसू आलं. मग ते हसू राहिलंच नाही. भास्करभाऊनं मला पोटाशी धरलं. त्या पोटाशी माणूस अख्खा मावतो.

त्या दिवसानंतर जागेबद्दल कोणी बोललं नाही. जागा तशीच राहिली.

*

वाघाचा किस्सा. कोठारीच्या रस्त्यानं सकाळी सराव चालू. उजाडायचंच होतं, म्हणून भास्करभाऊच्या हातात बॅटरी. शंकरभाऊनं एकदम हात वर केला. आमचा सगळा ताफा डाव्या बाजूला लागला. पाहतो तर पुढे डांबरावर वाघ! मस्त पसरलेला, बापाचा रोड असल्यासारखा.

सलीमभाई कुजबुजला, "हॉर्न मत मारना कोई."

आमच्याकडे हॉर्न कुठून येणार? पण भास्करभाऊचा हात सवयीनं चालला. त्यानं बॅटरीचा डिपर दिला. बंद-चालू, बंद-चालू. वाघानं मान वळवली. आमच्याकडे पाहिलं. उठला, आळस दिला आणि डाव्या अंगाला उतरून झाडीत गेला.

भास्करभाऊचा श्वास परत आला तसा तो म्हणाला, "पाय! वाघाले डिपर समजते. कारवाल्याइले नाई समजत!"

परत येताना आम्ही असे धावलो की विचारू नका. भास्करभाऊ तर उडत होता. आवारात पोहोचल्यावर मल्लेश म्हणाला, "रोज वाघ पायजे."

*

मदतीचा डबा आम्ही ढाब्यावर ठेवला होता. एक दिवस एक टिपरवाला जेवत होता. डबा पाहून मोठ्यानं हसला. "गाडीवाले आता पायानं पळून राह्यले! उद्या बांबू बी डोक्यावर आणसान का बे?"

सगळा ढाबा हसला. भास्करभाऊही हसला. मी नाही हसलो. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

"भाऊ, एक विचारू? आष्टीच्या पुढं रोडावर माणूस पडला हाय. रक्त जाऊन राह्यलं. टिपर लोड हाय तुहा. थांबशीन?"

त्याचा घास हातातच राहिला.

"सांग ना. थांबशीन?"

तो ताट तसंच ठेवून उठला आणि गेला. मालक मला म्हणाला, "छोट्या, गिऱ्हाईक पळवतू काय रे!"

आठवड्यानं तोच टिपर ढाब्यासमोर लागला. तो उतरला, माझ्यासमोर एक पोतं ठेवलं. आत त्याच्या टिपरचा प्रेशर हॉर्न! मोठा, दोन भोंग्यांचा, पितळी.

"जीपले लावजा," तो म्हणाला. "लोकं बाजूले तं होतीन."

*

शेवटी शर्यतीचा दिवस आला. मैदानावर ही गर्दी! स्टेजवर एक बाई गाणं लावून सगळ्यांना नाचवत होती. सगळे हात वर करत होते, उड्या मारत होते. आमचे चौघे हाताची घडी घालून उभे. बाजूच्या एका मुलानं विचारलं, "अंकल, वॉर्म-अप नाही करणार?"

सलीमभाई म्हणाला, "बेटा, डिझेल गाड़ी है. खड़े-खड़े गरम होती है."

धावायला लागल्यावर पहिल्या पाण्याच्या टेबलाशी लोक ग्लास घेऊन पीत होते. आमच्या भास्करभाऊनं दोन ग्लास घेतले आणि दोन्ही डोक्यावर ओतले. टेबलामागची मुलगी म्हणाली, "सर, प्यायला पण घ्या ना!"

"थांब बाई, आधी रेडिएटर!"

शहर मागे पडलं, जुनोन्याकडचं जंगल लागलं. आम्ही आपले नंबरात. जो तो येऊन सांगायचा, "काका, मधात गॅप पडलाय, भरून काढा!" शंकरभाऊ मागे न पाहता फक्त हात हलवायचा. म्हणजे तुम्ही जा पुढे. खरं सांगतो, आम्ही वेळेत होतो. भास्करभाऊ घामानं निथळत होता, पण त्याचा पाय थांबत नव्हता. मागून मी त्याचा तो लटकता बूट पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, दादा, इंजिन आलं. आलंच समज.

*

आता खरा किस्सा.

वळणाच्या पुढे एक पोरगा पडलेला. चांगल्या घरचा, हातात मोठं घड्याळ, पायात भारी बूट. तोंड पांढरं पडलेलं. लोक येत होते. हळू करत, पाहत, आणि जात. कोणी म्हणे, "व्हॉलंटियर येतील." कोणी म्हणे, "सावलीत बस भाऊ." आणि पुढे.

शंकरभाऊनं हात वर केला.

आम्ही डाव्या बाजूला लागलो. एक थांबला, सगळे थांबले. शंकरभाऊनं त्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं. पोरगा बरळत होता, "मला सोडा, तुम्ही जा… माझा टाइम जाईल… तुमचा टाइम जाईल…"

भास्करभाऊ त्याच्या तळव्यांना चोळत म्हणाला, "टाइम गेला तं जाऊ दे रे बाबू. तू नको जाऊ."

मागून लोक तर येतच होते, एखादा त्याच्या अंगावरच पडला असता. शंकरभाऊ म्हणाला, "छोट्या, फांद्या टाक."

मी हललोच नाही. दादा गेल्यापासून मी फांदी तोडली नव्हती. दोनदा ताफ्यातली गाडी बिघडली, दोन्ही वेळा सलीमभाईनं टाकल्या होत्या.

"छोट्या. फांद्या."

मी झाडीत शिरलो. पळसाच्या फांद्या अशा ओढल्या की सालपट निघालं हाताचं. वळणाच्या मागे जाऊन रोडवर टाकल्या. आणि त्यांच्या पलीकडे, येणाऱ्यांकडे तोंड करून उभा राहिलो. म्हटलं, या आता! कोणाले यायचं ते या!

आता ड्रायव्हरला रोडवर फांदी दिसली तर कळतं, की पुढे कोणीतरी अडकलंय. पळणाऱ्या लोकांना काय कळणार? फांद्यांच्या बाजूनं एक बैलगाडीची वाट शेतात उतरत होती. पहिल्या माणसाला वाटलं, रस्ता इकडे वळवलाय! तो शेतात उतरला. त्याच्या मागचा उतरला. त्याच्या मागे मोठा घोळका उतरला. मी ओरडतोय, "अबे तिकडं नाई! तिकडं नाई!" पण कानात गाणी घातलेली! धान कापून झालेलं, शेतात पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. रंगीत कपड्यांतली ती सगळी वरात बांधाबांधानं, पुंजण्यांना वळसे घालत निघाली. पुंजण्याजवळ बसलेला म्हातारा उठून उभा राहिला. त्यानं मला हाक मारली, "काय झालं बापू? वाघ सुटला का?"

इकडे मदतीची गाडी काही येईना. मल्लेशनं झाडाला बांधलेला कंपनीचा मोठा फ्लेक्स खाली खेचला. 'धावा, निरोगी राहा.' त्यावर पोराला घेतलं. चार कोपरे चौघांनी धरले, मी पुढे रस्ता मोकळा करत. बांबूची मोळी उचलायची सवय आहे आम्हाला. मागच्या पाण्याच्या टेबलाशी डॉक्टरांचा तंबू होता, तिथे नेला. मागच्या! म्हणजे आम्ही उलटे धावलो.

डॉक्टरनं सलाइन लावलं. म्हणाला, बरं झालं लवकर आणलंत. पोरानं डोळे उघडले, भास्करभाऊकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही का थांबलात?"

बघा! मी कधीपासून विचारतोय गाड्या का थांबल्या नाहीत. आणि हा विचारतो तुम्ही का थांबलात!

भास्करभाऊनं याचंही उत्तर दिलं नाही. त्याला वाघाचा किस्सा सांगायला लागला.

*

इंजिन कंपनीनं दिलं नाही. तीन तास कधीच होऊन गेले होते. कंपनीचा साहेब नंतर भेटला. माणूस वाईट नव्हता, चेहरा पडला होता त्याचा. म्हणाला, "काय करू, रूल आहे."

मी पुढे झालो तसा शंकरभाऊनं माझा दंड धरला. साहेबाला म्हणाला, "हो साहेब. आमचा बी रूल हाय."

पण जीप उभी आहे. या, पाहून जा नाक्यावर. गावागावांतून जी मदत आली त्यात भंगारातल्या एका पिकअपचं इंजिन आलं. सलीमभाईनं आणि मी मिळून बसवलं. सुरू व्हायला धक्का लागतो. थांबायला नुसता हात! हॉर्न असा आहे की गायी सोडा, मंत्रीसुद्धा बाजूला होईल. आणि सगळ्या गाड्यांच्या मागे काय काय शेर लिहिलेले असतात, आमच्या जीपच्या मागे एवढंच लिहिलंय: 'ही गाडी थांबते.' अक्षरं माझी आहेत. 'थां' जरा वाकडा झालाय. असू द्या. वाचता येतो.

आता मी ट्रकवर नसतो. जीपवर असतो. ताफ्याला दुसरा क्लीनर आलाय, चांगला आहे. तेव्हा मी ताफ्याचा क्लीनर म्हणून जे शेवटचं काम केलं तेवढं सांगतो आणि उठतो.

*

पोराला तंबूत सोडून आम्ही पुन्हा नंबरात लागलो आणि उरलेला सगळा रस्ता धावलो. कोणी म्हटलं नाही, आता कशाला. रस्त्यावर माणूस नव्हतं, पाण्याची टेबलं उचलली होती. मैदानावर पोहोचलो तर खुर्च्या एकावर एक रचलेल्या, झाडूवाल्या बाया कप गोळा करत होत्या. तेवढी ती हवा भरलेली मोठी कमान उभी होती. तिचा पंखा बंद करायला एक माणूस वाकलाच होता.

मी ओरडलो, "हात नको लावू! गाड्या येऊन राह्यल्या!"

तो बावचळून उभा राहिला.

आवारात गाडी आली की क्लीनर आधी उतरतो. मी सगळ्यांच्या बाजूनं पुढे धावलो आणि कमानीखाली जाऊन उभा राहिलो. आमच्या आवारात गाड्या रिव्हर्सनं लागतात, तोंड रस्त्याकडे. शंकरभाऊ रेषेपाशी आला, थांबला आणि पाठमोरा फिरला. झाडूवाल्या बाया हसायला लागल्या. मी हात हलवला, "आन दे… आन दे… जरा डावं… आन दे…" शंकरभाऊ मागे न पाहता उलटा आत आला. मी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. लागली.

मग भास्करभाऊ. "आन दे… आन दे… अबे पोट नाई, पाठ आण… आन दे…" दोन थापा. लागली. तो तिथेच खाली बसला.

मल्लेश आणि सलीमभाई रेषेच्या बाहेर उभे होते. पुढे येत नव्हते.

पंखेवाला म्हणाला, "भाऊ, या ना लवकर. कोणाची वाट पाहून राह्यले?"

बायांचं हसणं थांबलं. मल्लेशच्या पुढची जागा रिकामी होती, बरोबर एका गाडीएवढी.

मी रेषेवर आलो. हात वर केला.

"आन दे… आन दे… जरा उजवं… येऊ दे, जागा हाय… आन दे… आन दे…"

मी सावकाश आणली. आरशात तो पाहत नाही, मला माहीत होतं. पार आतपर्यंत आणली, भास्करभाऊच्या बाजूला. मग वळलो आणि त्या कमानीच्या फुगलेल्या खांबावर हात उचलून दोन थापा मारल्या. रिकाम्या गाडीच्या पत्र्यासारखा आवाज झाला, सबंध मैदानावर.

"बस, दादा."